भोंगा वाजला की गाडी थांबणार

मला यार्डात टाकलं म्हणून अजूनही कुणी ना कुणी हळहळतं, आणि ते मला अजिबात खपत नाही. नोकरीची शेवटची वर्षं नाशिक रोडच्या यार्डात मालाचे डबे इकडून तिकडे ढकलण्यात गेली, हे खरं. मेन लाइनवर पॅसेंजर चालवणाऱ्या ड्रायव्हरला शंटिंगला बसवणं म्हणजे आचाऱ्याला भांडी घासायला बसवणं, हेही खरं. पण मी कुठे चुकून, अडखळून तिथे पडलो नाही. समोर काय आहे ते मला दिसत होतं आणि मी गेलो. तेव्हा हळहळायचं असेल तर दुसरं घर बघा.

मी सावळीराम पगारे. चौऱ्याऐंशी साली माझ्याकडे सकाळची मनमाड-नाशिक रोड पॅसेंजर होती. आदल्या संध्याकाळी मनमाडला जायचं, सकाळी गाडी घेऊन यायचं. नोटांच्या प्रेसमधले कामगार, अंबडच्या कारखान्यांत जाणारे फिटर-टर्नर, कोर्टाच्या तारखेला निघालेले शेतकरी, अशी सगळी घड्याळाकडे बघत बसणारी माणसं त्या गाडीत असायची. त्याच वर्षी आमच्या काही इंजिनांत ड्रायव्हरला सावध करणारा एक नवा डबा बसवला.

डब्याचं काम सांगायला सोपं. सिग्नलच्या अलीकडे दोन रुळांच्या मधोमध एक पिवळी पेटी बसवलेली, तिच्यात लोहचुंबक. इंजिन पेटीवरून गेलं की पुढचा सिग्नल कसा आहे ते इंजिनातल्या डब्याला कळायचं. सिग्नल हिरवा असेल तर डब्यात घंटा वाजायची. लाल किंवा पिवळा असेल तर भोंगा. भोंगा वाजला की ड्रायव्हरनं काळं बटण दाबायचं, म्हणजे मी जागा आहे, मला समजलं, असं डब्याला सांगायचं. नाही दाबलं तर डबा आपणहून ब्रेक लावणार. धुकं असो, ड्रायव्हरचा डोळा लागलेला असो, गाडी थांबणार. माणसांचा जीव वाचवणारी वस्तू होती ती. मी तिच्या विरोधात कधीच नव्हतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्यावर नेमका तोच आरोप झाला.

पण वस्तू नवी, आणि आमच्याकडचं ऊन, धूळ, पाणी जुनं. पेटीत पाणी शिरलं की भोंगा. वायर हलली की भोंगा. कधी काहीच नाही तरी भोंगा. समोर स्वच्छ हिरवा सिग्नल आणि कानाशी डबा बोंबलतोय. त्यावर छापील नियम आला होता: सिग्नल हिरवा दिसतो आणि भोंगा वाजतो, म्हणजे दोघांतलं एक खोटं बोलतंय, तेव्हा गाडी थांबवा, खात्री करा, गार्डला कळवा, मग निघा. हा झाला छापलेला नियम. तोंडी नियम निराळा होता. तो आमचे लोको इन्स्पेक्टर खंडेराव सांगायचे. "दाबा आणि निघा," ते म्हणायचे. "डबा लहान आहे अजून. रडणारच."

सगळे दाबायला लागले. मीही दाबत होतो, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस मनमाडच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, काळू जेवायला बसला होता. काळू माझ्याबरोबर भरती झालेला, माझ्याइतकाच जुना ड्रायव्हर. तो हसत हसत सांगायला लागला, "सावळ्या, आज मजा झाली. भोंगा वाजला, मी सुपारी कातरत होतो, हात आपसूक गेला आन बटण दाबलं. पुढं गेल्यावर आठवंना, सिग्नल हिरवा होता का पिवळा." बाकीचेही हसले. मी ताट बाजूला सारलं. काळू आमच्यातला सर्वांत सावध माणूस. तो इंजिनात सिग्नल इतक्या मोठ्यानं पुकारायचा की रुळाकडेच्या बकऱ्या पळायच्या. त्याच्या हाताला जर ही सवय लागली, तर माझ्या हाताचं काय?

आणि दुसरी गोष्ट. बटण दाबलं की डब्यातला आकडा एकानं पुढे सरकायचा. उद्या काही झालं तर साहेब आकडा बघून विचारणार, भोंगा वाजला होता, दाबलं कुणी? तेव्हा "दाबा आणि निघा" म्हणणारा कुठे असेल? तो तिथे नसेल. बटणावर बोट माझं, म्हणजे मान माझी.

त्या दिवसापासून मी ठरवलं. समोर हिरवा आणि भोंगा वाजला, तर मी बटणाला हात लावणार नाही. छापील नियम म्हणतो थांबा, डबा म्हणतो थांबा, मग मी निघणारा कोण? मी काहीच करायचो नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचो. डबा आपला ब्रेक लावायचा, गाडी उभी राहायची.

माझा असिस्टंट वाल्मीक पहिल्या दिवशी पांढराफटक पडला. गुणी माणूस, तिशी ओलांडलेला, ड्रायव्हरच्या परीक्षेची तयारी करणारा. "उस्ताद, दाबा ना," तो म्हणाला.

"लेखी आलंय का?"

"नाय. पण सगळे दाबतात."

"सगळ्यांची गाडी सगळे चालवतील. ही माझी आहे."

खंडेरावांनी मला बोलावलं. ते स्वतः कोळशाच्या इंजिनापासून वर आलेले, आमच्यातलेच. खाली बसवलं, चहा पाजला, मग म्हणाले, "सावळीराम, तुला काय सिद्ध करायचंय?"

"काहीच नाही. दाबा आणि निघा, एवढं एका कागदावर लिहून सही करा. मी दाबतो."

"असं लिहिता येतं का? नियमाच्या विरुद्ध आहे ते."

"मग मी काय म्हणतोय?"

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "लय शहाणा झालास," ते म्हणाले. चहाचा कप मात्र पूर्ण पिऊ दिला.

तर मी थांबत राहिलो. लोकांनी मला काय काय म्हटलं ते सगळं लिहिलं तर कागद लाजेल. गाडी थांबली की प्रेसवाले दारातून ओरडायचे. एकदा चारपाच जण चालत इंजिनापर्यंत आले. त्यांच्यातला एक म्हणाला, "बाबा रे, गेटावर हजेरी लागते आमची. एक बटण दाबायला तुला काय होतंय?" मी त्याला म्हटलं, "नोट छापताना मशीन बोंबललं तर तुम्ही कान झाकून छापता का?" तो मागे फिरला, पण पटलं नाही त्याला. पटावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. घरी विमलाबाई, माझी बायको, कॉलनीच्या नळावरून रोज नवं ऐकून यायची. "अहो, आज म्हणतात की तुम्हाला मशीन झेपत नाही," तिनं एकदा सांगितलं. "राखीव जागेवरचे लोक, यांना कशाला नवं तंत्र, असंही एकीनं म्हटलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी तिची घागर बाजूला केली आणि माझा हंडा लावला."

हे असं आमचं घर आहे. माझ्या बापानं छप्पन साली घरातले सगळे देव टोपलीत घालून गोदावरीत सोडले. गल्लीतले लोक म्हणाले होते की घर बसेल. घर काही बसलं नाही. मी इंजिनात बसलो. कुणी डोळे वटारले म्हणून मागे सरायचं, हे आम्हाला शिकवलेलंच नाही.

हळूहळू डबा सुधारला. माणसं यायची, पेट्या उघडायची, वायरी बदलायची. एकेका सिग्नलचा खोटा भोंगा बंद झाला. मला आनंदच झाला. घंटा वाजली की मी मोठ्यानं "हिरवा" पुकारायचो, वाल्मीक "हिरवा" म्हणायचा आणि गाडी सुरळीत जायची. राहिला एकच सिग्नल. गोदावरीच्या पुलाअलीकडे, जिथे रुळांच्या कडेला एक छोटी वस्ती आहे. गाडीचा वेग तिथे पुलासाठी आधीच कमी असतो. तिथे रोज सिग्नल हिरवा आणि एखादा दिवस सोडला तर रोज भोंगा.

पेटी तपासायला माणसं आली. दुपारी तपासली, नीट. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तपासली, नीट. नवी पेटी बसवली. सकाळी माझी गाडी आली, भोंगा वाजला.

खंडेरावांचा आवाज आता बदलला होता. "दुसऱ्या कुणाला तिथे वाजत नाही," ते म्हणाले.

"वाजत असेल. ते दाबतात आणि विसरतात."

"विचारलं मी सगळ्यांना. मालगाड्यांना घंटा. दुपारच्या पॅसेंजरला घंटा. भोंगा फक्त तुला. सावळीराम, खरं सांग. डब्यात काही करतोस का?"

रागानं माझे कान तापले. इतकी वर्षं इंजिनावर काढली, एक साधा स्क्रू मी कधी खिशात घातला नाही. "तुम्ही बसा माझ्याबरोबर," मी म्हटलं. "किंवा तुमच्या वरचे बसू देत."

"बसणारच आहेत," ते म्हणाले. "मुंबईहून साहेब येतायत. त्यांच्यासमोर थांबलास तर मेन लाइनला रामराम. यार्डात जाशील. हे धमकी म्हणून नाही, ठरलंय म्हणून सांगतो."

तर असं पणाला लागलं होतं माझं इंजिन. घरी सांगितलं तेव्हा विमलाबाईनं भाकरी थापता थापता विचारलं, "थांबणार का?"

"भोंगा वाजला तर."

"मग विचार कसला करताय, जेवा."

साहेब मनमाडला चढले. उंच, शांत, चष्मेवाले गृहस्थ. त्यांनी डबा उघडून पाहिला, वायरी पाहिल्या, सील पाहिलं. मला म्हणाले, "डब्याला कुणी हात लावलेला नाही." एवढं ऐकून माझ्या छातीवरचं अर्धं ओझं उतरलं. खंडेराव मागे उभे होते, त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

लासलगावपर्यंत घंटा. निफाडला घंटा. पुढेही घंटा. पुलाच्या अलीकडचा सिग्नल दिसला. हिरवा. मी पुकारला, वाल्मीकनं उत्तर दिलं, साहेबांनीही मान हलवली. इंजिन पेटीवरून गेलं आणि डबा बोंबलला.

"दाबा," साहेब म्हणाले.

माझे हात मांडीवर होते.

"मी सांगतोय, दाबा. सिग्नल मी स्वतः पाहिलाय." ते वाकले आणि त्यांचा हात बटणाकडे आला. मी बटणावर माझा पंजा ठेवला. दाबला नाही, नुसता झाकून ठेवला.

"ही खुर्ची घ्या साहेब," मी म्हटलं. "खुर्चीवर बसा आणि मग दाबा."

मी उठायलाही लागलो होतो. ते जिथे होते तिथेच राहिले. डब्यानं ब्रेक धरला, गाडी करकरत उभी राहिली. मागून प्रेसवाल्यांचा नेहमीचा ओरडा सुरू झाला.

साहेब रागीट असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ते हुशार होते. चष्मा पुसून म्हणाले, "गाडी थांबलीच आहे तर पेटी आत्ता बघू. दुपारी नको." आणि स्वतः शिडीवरून खाली उतरले. त्यांच्यामागे मी आणि खंडेराव. वाल्मीकला इंजिनात ठेवलं.

आता एक सांगायचं राहिलं. तिथे गाडी थांबली की वस्तीतल्या बायका पाट्या घेऊन गाडीच्या डब्यांत चढायच्या. मेथी, कोथिंबीर, वांगी, दुधाच्या बरण्या. थांबलेल्या गाडीत लोक चढणारच, मी कधी डोकं लावलं नाही. त्यांच्यात एक म्हातारी होती, ती रोज खालून हात जोडायची. मला वाटायचं, मला जोडते. मी खिडकीतून रुबाबात हात वर करायचो.

आम्ही मागे चालत गेलो तेव्हा ती म्हातारी एका डब्याशेजारी उकिडवी बसली होती आणि गाडीखाली बघून हात जोडत होती. साहेब तिच्या बाजूला वाकले. मीही वाकलो.

पिवळ्या पेटीला हळदीकुंकू लावलेलं होतं. झेंडूची दोन फुलं होती. आणि पेटीला चिकटून विळे होते. खुरपी होती. एक जुना अडकित्ता. चुलीतला चिमटा. पेटी लोखंडानं अशी मढवली होती की पिवळा रंग शोधावा लागत होता.

साहेब हसायला लागले. रागावतील असं वाटलं होतं, पण मोकळं हसले. मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. चुंबकाचा जोर एवढं लोखंड खाऊन टाकतं, वरच्या इंजिनातल्या डब्यापर्यंत पोचतच नाही. सिग्नल हिरवा असल्याचा निरोप मिळाला नाही की डबा लाल समजून भोंगा वाजवतो. डबा बरोबर होता, पेटी बरोबर होती. मला तरी यातलं काय ठाऊक होतं? मी आपला भोंग्याचं ऐकत होतो.

"कुणी ठेवलं हे?" खंडेराव गरजले.

म्हातारी उठली. गुडघे झाडले. "मी ठिवलं. भागीबाई माझं नाव. समद्यांनीच ठिवलंय. काय झालं?"

"काय झालं? रेल्वेच्या पेटीवर विळे ठेवता?"

"पेटी कशाची, पिवळाई हाय ती," भागीबाई म्हणाली. "पावसाळ्यात मी लाइन वलांडत होते, तं माझा विळा तिनं वढून घेतला. हातातून वढला. मी भ्याले, तसाच टाकून पळाले. तितक्यात गाडी आली आन उभी ऱ्हायली. आमच्या वस्तीला आजवर गाडी उभी ऱ्हायली नव्हती साहेब. आमी अर्ज दिले, मोर्चा नेला, हाल्ट द्या म्हनलं. कुनी इचारलं नाय. आन हिनं एका विळ्यात उभी केली."

"आणि मग रोज ठेवायला लागलात."

"मग? ठिवला की उभी ऱ्हाती. एक दिवस ठिवला नाय, तं गेली निघून. गाडी गेली की शेतावर जानाऱ्या बाया विळे उचलून नेत्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा आनत्यात. देवीचं काय जातं?"

म्हणून दुपारी पेटी नीट सापडायची. म्हणून मालगाड्यांना घंटा वाजायची. आणि बाकीच्या ड्रायव्हरांच्या गाडीला सकाळची वेळच नव्हती. असती तरी त्यांनी बटण दाबून पिवळाईला तोंडघशी पाडलं असतं. तिला देवपण आलं ते माझ्यामुळे. मी थांबत होतो म्हणून त्या विळे ठेवत होत्या, त्या विळे ठेवत होत्या म्हणून मी थांबत होतो.

खंडेरावांच्या ते माझ्या आधी लक्षात आलं. इतक्या गोंधळातही त्यांना राहवलं नाही. "वा रे सावळीराम," ते माझ्या कानाशी म्हणाले. "तुझ्या बापानं देव गोदावरीत सोडले, आन तू काठावर नवी देवी बसवलीस."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. बाप असता तर त्यानं माझी चांगली हजेरी घेतली असती.

साहेबांचं हसणं मात्र संपलं होतं. त्यांनी मला जरा बाजूला घेतलं. "पगारे, आज तुमचं खोटं नव्हतं हे मी मान्य करतो. पण आता कारण कळलं. या बायकांना समज देऊ, इथे माणूस उभा करू. त्यातूनही पुन्हा कुणी लोखंड ठेवलं आणि भोंगा वाजला, तर तो कशानं वाजला हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. दाबायचं आणि निघायचं. रुळांत उभं राहून बायका गाडीत चढतात, उद्या एखादी चाकाखाली गेली तर?"

हे शेवटचं ते बरोबर बोलले, आणि मला ते टोचलं. पण मी म्हटलं, "चाकाखाली जाऊ नयेत म्हणून हॉल्ट देता येतो, साहेब. त्यांनी अर्ज केलेत."

"तो माझा विभाग नाही."

"आणि बटणाचं लिहून देता?"

"असं लिहिता येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण या जागी गाडी पुन्हा थांबली, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही यार्डात असाल. हे मी न लिहिता सांगतो."

आम्ही परतलो. बायका गाडीत चढल्या नव्हत्या, पाट्या डोक्यावर घेऊन तशाच उभ्या होत्या. भागीबाई माझ्यासमोर आली. साहेब, खंडेराव, खिडक्यांतून लोंबणारे प्रेसवाले, सगळे ऐकत होते.

"डायवरदादा," ती म्हणाली, "साहेब म्हनतो विळा ठिवायचा नाय. ठिवला तं पाप लागंल का?"

"मला देवातलं काही कळत नाही, भागीबाई," मी म्हटलं. "आमच्या घरात देव नाहीत. मला एकच कळतं. घंटा वाजली की गाडी जाणार. भोंगा वाजला की गाडी थांबणार."

साहेबांनी ऐकलं. ते शिडी चढून गेले.

दुसऱ्या दिवशी तिथे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधला बहिरू हातात झेंडी घेऊन उभा होता. पेटी धुऊन स्वच्छ केलेली. इंजिन वरून गेलं आणि घंटा वाजली. सुरेख, स्वच्छ घंटा. जिच्यासाठी मी इतके महिने शिव्या खाल्ल्या ती घंटा. रुळाकडेला बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हात वर केले. पुढे भागीबाई होती, तिनं या वेळी हात जोडले ते गाडीखाली बघून नाही. सरळ माझ्याकडे बघून. आणि मी गेलो. जावंच लागलं. सिग्नल हिरवा, घंटा हिरव्याची. थांबायला माझ्याकडे कुठलाही नियम नव्हता. पुलावर आल्यावर वाल्मीक हळूच म्हणाला, "उस्ताद, आज वेळेवर पोचू."

वेळेवर पोचलो. प्रेसवाल्यांनी उतरताना इंजिनाशी येऊन हात मिळवले. आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

घरी विमलाबाईनं ताट वाढलं, मी नुसता बसून राहिलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी आई भाजी घेऊन स्टेशनापर्यंत चालत जायची. हॉल्ट नव्हता आमच्याही गावाला. पाटीच्या वजनानं तिची मान कायमची वाकडी झाली." एवढंच म्हणाली आणि आत गेली. मला काय करा, असं तिनं सांगितलं नाही.

बरेच दिवस घंटा वाजत राहिली. बहिरू उभा असायचा. बायका आधी उभ्या असायच्या, मग कमी झाल्या, मग कुणीच नसायचं. मला वाटलं, संपलं. देवी बुडाली.

मग एका सकाळी बहिरू दिसला नाही. त्याला दुसऱ्या कामावर लावलं असेल, नाहीतर साहेब लोक विसरले असतील. रुळाकडेला मात्र पाट्या दिसल्या. लांबून दिसल्या, एका ओळीत. सिग्नल हिरवा होता. मी पुकारला, "हिरवा!" वाल्मीकनं उत्तर दिलं, "हिरवा!" आणि इंजिन पेटीवरून गेलं.

भोंगा वाजला.

वाल्मीकनं माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. पेटीवर काय असेल, साहेब काय म्हणाले होते, उद्या मी कुठे असेन.

"उस्ताद, मी दाबू का? तुमच्या नावावर नको. मी दाबतो."

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"लेखी आलंय का, वाल्मीक?"

"नाय आलं," तो म्हणाला, आणि त्यानंही आपले हात मागे घेतले.

गाडी उभी राहिली. मी खिडकीतून मागे पाहिलं. बायका चढत होत्या, एकमेकींना वर ओढत होत्या, आणि ज्या प्रेसवाल्यानं मला गेटावरची हजेरी सुनावली होती, तो दारात वाकून पाट्या आत घेत होता. पेटी बघायला मी खाली उतरलो नाही. नियमाप्रमाणे सिग्नलची खात्री केली, गार्डला कळवलं, सगळ्या चढल्याचं बघितलं आणि गाडी सोडली.